सही जुळत नाही

नवा फोन घेतला
आणि पहिल्याच रात्री त्याने विचारलं, पासवर्ड?
मी म्हटलं, घर माझं, राउटर माझा,
बिल दर महिन्याला मी भरते,
कसला पासवर्ड?

तो दैवशालानं घातला होता.
जिंतूरकडची. मागच्या खोलीत तीन वर्षं.
माझा जुना फोन हातात घेऊन
अंगठ्यांनी काहीतरी टिपटिप केलं आणि म्हणाली,
झालं काकू, आता हा आपोआप लक्षात ठेवील.
त्याने ठेवलं.
मग मी कशाला ठेवू?

राउटर उलटा करून पाहिला.
पोटावरच्या चिकटपट्टीवर सगळं लिहिलेलं असतं म्हणे.
दर शनिवारी ओल्या फडक्याने मीच ते पुसत आले.
आता एक आठचा आकडा उरलाय,
नाहीतर इंग्रजी बी.

सोसायटीचं नाव घालून पाहिलं.
फ्लॅटचा नंबर.
बिबवेवाडीचा पिनकोड, तो तर झोपेतही सांगेन.
मग म्हटलं, तिची जन्मतारीख असेल,
आणि तिथेच बोट थांबलं.
दिवाळीच्या पुढेमागे कधीतरी असावी.
एकदा पेढे आणून दिले होते तिने.
मी डबी धुऊन परत केली,
कशाचे, ते विचारलं नाही.

चुकीचा पासवर्ड.
चुकीचा पासवर्ड.
मार्केट यार्डाच्या पोस्टात सव्वीस वर्षं
काचेच्या आडून मी हेच सांगत होते:
सही जुळत नाही.
अहो बाई, मीच आहे हो, म्हणायची माणसं,
थरथरता हात वर करून दाखवायची.
तुम्ही असाल हो.
सही नाही.

केबलचा इरफान फोनवर म्हणाला,
मागच्या बारीक भोकात टाचणी घाला,
दहा सेकंद दाबून धरा,
सगळं पुसलं जातंय, एकदम कोरं.
टाचणी घातली. सहापर्यंत मोजलं.
काढून घेतली.

तिलाच फोन करायचा, सोपं होतं.
नंबर आहे.
पण भिंत होती ना मध्ये.
त्या भिंतीवर तिने कलमं चिकटवलेली,
नद्या, खोरी, आयोगांची सालं,
काढताना रंगाचे पोपडे निघाले.
डिपॉझिटमधून अठराशे कापले मी,
रीतसर लिहून दिलं कशाचे ते.
दीड मार्कानं परीक्षा गेलेली,
त्याच आठवड्यात.
उरलेले पैसे तिने मोजलेसुद्धा नाहीत.

मग जुना फोन आठवला.
दुकानदार चारशे म्हणाला म्हणून रागाने परत आणलेला,
सुयांच्या डब्याखाली पडून होता.
तासभर चार्जिंगला लावला तेव्हा कुठे डोळे उघडले त्याने.
वायफाय, मग शेअर, मग माझाच अंगठा मागितला,
तो मात्र जुळला.
काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी आली पडद्यावर
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ.
चष्मा शोधून आणला.

गेट१०लाबंद

इंग्रजी अक्षरं, मधे आकडा, जागा न सोडता सलग.

हसू आलं आधी.
आवाज करून हसले, एकटीच.
मग आठवलं, हे ती लायब्ररीतून धावत यायची तेव्हाचं,
पाठीवर सॅक, पायरीवर धापा टाकत,
आणि मी कुलूप हातात घेऊन घड्याळ दाखवायची.
तीन वर्षं माझंच वाक्य
माझ्याच घराला लावून ठेवलं पोरीने,
आणि मी रोज त्यातून आत जाऊन
भाज्यांचे व्हिडिओ पाहत होते.

नव्या फोनात एकेक अक्षर घातलं.
जोडला गेला.
इरफान म्हणतो आता बदलून टाका, सोपा ठेवा काहीतरी.
बघू.

दहा वाजून गेलेत.
अठराशे पाठवायचे तर या फोनवरून पाठवता येतात आता,
नाव घातलं की तिचा फोटो येतो,
केस कापलेत तिने.
खाली विचारतंय, कशासाठी.
चौकट रिकामी ठेवली तरी चालते म्हणे.